फळे आजाऱ्यालाच का?

झाशीच्या जुन्या शहराभोवती तट होता आणि तटाला दरवाजे होते. खंडेराव दरवाजा, ओरछा दरवाजा, सागर दरवाजा, उन्नाव दरवाजा, लक्ष्मी दरवाजा. दतियाच्या वाटेवरचा तो दतिया दरवाजा. पण बोलण्यात ‘दतिया गेट’च रुळले आहे आणि आसपासची वस्तीही याच नावाने ओळखली जाते. अशा जुन्या वस्तीत भाजी आणायला मंडईत जावेच लागते असे नाही, ती दारात येते. ठेलेवाल्याची हाक आली की भाव विचारायचा, थोडी घासाघीस करायची आणि मूठभर कोथिंबीर फुकट मागून घ्यायची, हा रिवाज झाशीत आहे तसाच साताऱ्यातही आहे.

हिवाळ्यात या ठेल्यांकडे पाहत राहावे. पालक, मेथी, मुळा, गाजर, मटार, फ्लॉवर आणि बुंदेलखंड हा हरभऱ्याचा मुलूख असल्यामुळे हरभऱ्याचा कोवळा पाला. त्यांच्याच बाजूला बथुआची जुडी. शेजारच्या गाडीवर पेरू आणि बोरांचे ढीग.

नारोशंकरांच्या आणि पुढे नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. महाराष्ट्रातून एखादी सून या घरांत नवी आली की पहिले काही दिवस तिची या नावांशीच झटापट चालते. लौकी म्हणजे दुधी, कद्दू म्हणजे लाल भोपळा, सहजन म्हणजे शेवगा, अरबी म्हणजे अळकुडी, कुलफा म्हणजे घोळ. चौलाई पाहिली की माठ-तांदुळजाची आठवण होते, कारण ती त्याच कुळातली. आणि ज्याला सारे बथुआ म्हणतात तो निघतो आपला चाकवत! माहेरी ताकातली पातळ भाजी व्हायची, इकडे तोच पाला वाफवून दह्यात कालवतात आणि रायता म्हणून पानात वाढतात. गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणारी ही भाजी. ती मुद्दाम पेरावी लागत नाही म्हणून स्वस्त, आणि स्वस्त म्हणून तिला मान नाही. पाहुणे जेवायला यायचे असले की पनीर येते, बथुआ येत नाही.

पिशवीतले सफरचंद

फळांच्या बाबतीत तर आपल्या घरांचे वागणे आणखीच गमतीचे आहे. कोणत्याही गावात रुग्णालयाच्या फाटकाजवळ फळांची गाडी हमखास असते. भेटायला जाणारा माणूस तिथे थांबतो, सफरचंदे, मोसंबी, एखादा डाळिंब घेतो आणि पिशवी आजाऱ्याच्या उशाशी ठेवतो. आजारी माणूस बरा झाला की फळे बंद. पुढची फळे पुढच्या आजारपणात, नाहीतर सत्यनारायणाच्या पूजेला किंवा चतुर्थीच्या उपासाला. निरोगी माणसाने, एका साध्या मंगळवारी, काही कारण नसताना फळ खायचे असते ही कल्पनाच पुष्कळ घरांत नाही. ‘काय झालंय त्याला, फळं आणलीत?’ असा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरात फळ हे अन्न राहिलेले नसून औषध झालेले असते, तेही उशिरा दिलेले.

आणि या औषधाची निवडही भावावरूनच होते. जे महाग ते अधिक पौष्टिक, असा समज पक्का बसलेला आहे. ‘क’ जीवनसत्त्वापुरते पाहायचे तर शंभर ग्रॅम सफरचंदात ते पाच मिलिग्रॅमच्या पुढे क्वचितच जाते. तेवढ्याच पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमच्या वर भरते, आणि आवळा तर पेरूच्याही पुढे आहे. मोठ्या माणसाची दिवसाची गरज एका मध्यम पेरूत सहज भागते. सफरचंद वाईट असे कोणी म्हणत नाही. त्यात चांगला चोथा असतो, ते टिकते, प्रवासाला सोयीचे असते. परंतु सफरचंद परवडत नाही म्हणून फळच नाही, हा हिशेब चुकीचा आहे. एक किलो सफरचंदाच्या पैशात ऐन हंगामात दोन-तीन किलो पेरू येतात आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवता येतो.

झाशीचे नाव २०२१ साली फळांच्या बातम्यांत वेगळ्याच कारणाने गाजले. शहरातल्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीने आधी घराच्या गच्चीवर आणि मग शेतात स्ट्रॉबेरी लावली, जानेवारीत तिथे स्ट्रॉबेरी महोत्सव भरला आणि ३१ जानेवारीच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. महाबळेश्वरची म्हणून आपण ओळखतो ती स्ट्रॉबेरी बुंदेलखंडाच्या कोरड्या मुलखात पिकली, हे कौतुकाचेच. पण जुन्या शहरातल्या रोजच्या पानात काय पडते हे स्ट्रॉबेरीवरून ठरत नाही. ते ठरते बथुआ, पेरू, मुळ्याचा पाला आणि लिंबू यांच्यावरून.

पाच माणसे, अडीच किलो

किती खायला हवे? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत भाज्या-फळे मिळून दिवसाला ५०० ग्रॅम धरली आहेत. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम, पालेभाजीचा आणि साधारण १०० ग्रॅम फळांचा.

आकडा कागदावर लहान दिसतो. पाच माणसांच्या कुटुंबाला लावून पाहिला की तो दिवसाला अडीच किलो होतो. गृहिणींनी आपल्या कालच्या पिशवीचे वजन आठवावे. एक किलो भाजी आली असेल, तर त्यात अर्धे बटाटे आणि पाव किलो कांदे. उरलेल्या पाव किलोत पाच जण. वाटीभर रश्श्यात चार फोडी तरंगतात त्याला आपण भाजी म्हणतो आणि पोळीचे चार घास तिला लावून खातो. पोट भरते, तक्रार कोणाची नसते.

यात दोष केवळ सवयीचा आहे असे म्हणून मोकळे होणे मात्र सोपे नाही. २०१६ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात अठरा देशांतल्या कुटुंबांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका माणसाला दिवसाला फळांचे दोन आणि भाज्यांचे तीन वाटे द्यायचे, तर खर्च किती येतो हे त्यात तपासले होते. श्रीमंत देशांत तो घरच्या उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहूनही कमी भरला. ज्या गरीब देशांच्या गटात भारताचा समावेश होता तिथे तो जवळजवळ ५२ टक्के निघाला. ‘भरपूर फळे खा’ हा सल्ला देणाऱ्याने हा आकडा डोळ्यांपुढे ठेवलेला बरा. ज्या घरात महिन्याची अखेर डाळ-पोळीवर काढावी लागते तिथे हा उपदेश चेष्टेसारखा वाटतो.

म्हणूनच हंगामी आणि स्थानिक या दोन शब्दांना अर्थ आहे. भाव जेव्हा सर्वांत कमी असतो, नेमकी तेव्हाच भाजी सर्वांत ताजी असते. झाशीजवळचे बरुआसागर आले आणि भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथून सकाळी निघालेली भाजी दुपारच्या आत शहरात शिजू शकते. शेकडो मैल शीतगाडीतून आलेल्या बिनहंगामी भाजीला हे जमत नाही. शिवाय मुळ्याचा, बिटाचा, फ्लॉवरचा कोवळा पाला तर आपण फुकटच टाकून देतो. मुळा दोन रुपये कमी करून घेण्यासाठी पाच मिनिटे वाद घालणारी गृहिणी त्याचा पाला मात्र ठेलेवाल्यालाच खुडून ठेवायला सांगते! त्या पाल्यात मुळ्याहून कितीतरी अधिक कॅरोटीन आणि कॅल्शियम असते. डाळीत घातला तर त्याची वेगळी भाजीही करावी लागत नाही.

शेवटचे पान

पिशवीत किती आले, याइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. ते कोणाच्या पानात पडले? आधी शाळा-ऑफिसला जाणाऱ्यांचे डबे, मग वडीलधारी माणसे, मग मुले. शेवटी जिने भाजी निवडली, चिरली, फोडणीस टाकली ती बसते, तेव्हा कढईत रस्सा असतो आणि डब्यात लोणचे. पेरू कापला तर फोडी मुलांना, आणि तिच्या वाट्याला सुरीला चिकटलेला गर. तिला कोणी उपाशी ठेवलेले नसते. तीच म्हणते, ‘मला नको, तुम्ही घ्या.’ हे दतिया गेटच्या गल्लीत जितके खरे, तितकेच डोंबिवलीच्या दोन खोल्यांत.

याचा हिशेब रक्तात दिसतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. उत्तर प्रदेशात ५० टक्क्यांच्या किंचित वर स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्रात ५४ टक्के! म्हणजे ‘ते उत्तरेकडचे मागासलेपण’ म्हणून नाक मुरडायला आपल्याला जागा नाही. पाळी, बाळंतपणे, जंत अशी कारणे यामागे आहेतच. पण रोजच्या पानातली उणीव हेही एक मोठे कारण आहे.

स्त्रीच्या रक्ताचा आणि पानातल्या पाल्याचा संबंध जगाला कळला तो आपल्या मुंबईत, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदर बायका, त्यांत गिरणीत राबणाऱ्याही, पांढऱ्याफटक पडत होत्या आणि काही दगावत होत्या. लोह देऊनही सुधारणा होत नव्हती. हाफकिन संस्थेत राहून विल्सने या बायका काय खातात त्याची बारकाईने चौकशी केली. आहारात ताज्या भाज्या-फळांसारखे जिन्नस जवळजवळ नव्हतेच. तसाच आहार तिने प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिला, तर तेही रक्तक्षयी झाले. पुढे यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर आजारी बायका सुधारू लागल्या. १९३१ साली तिने हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमध्ये नेमके काय आहे हे तिला सांगता आले नव्हते, म्हणून त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ असेच नाव पडले. दहा वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेत चार टन पालकातून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून त्याला फोलिक आम्ल म्हटले गेले. मुंबईच्या बायकांना जे मिळत नव्हते ते हेच.

आज गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर फोलिक आम्लाची गोळी मिळते, तिच्यामागे ही हकीकत आहे. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत मिटते, म्हणजे पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचे कळते न कळते तोच. त्यामुळे मूल हवे असे ठरल्यापासूनच डॉक्टरांना विचारून ही गोळी सुरू करायची असते. पालेभाजीची सवय तर त्याआधी कितीतरी, वयात येणाऱ्या मुलीपासून लागायला हवी.

‘मग पालक खाऊन रक्त वाढते ना?’ हा प्रश्न इथे हटकून येतो. उत्तर अर्धे होय असे आहे. पालेभाजीत लोह असते, पण शरीर त्यातले थोडेच घेऊ शकते; पालकातले तर फारच थोडे. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर हे लोह बऱ्यापैकी शोषले जाते. म्हणून पालेभाजीवर लिंबू पिळावे, पानात आवळ्याची चटणी किंवा कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर असावी, जेवण झाल्यावर पेरूच्या दोन फोडी घ्याव्यात. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहातले टॅनिन लोहाला अडवून धरते. तो तासाभराने घेतला तर बिघडत नाही. बायकांचे उशिरा होणारे जेवण आणि दुपारचा चहा यांत बऱ्याच घरी मुळी अंतरच उरत नाही, ही यातली खरी अडचण आहे.

हिमोग्लोबिन फारच खाली गेले असेल तर मात्र भाजीच्या भरवशावर राहू नये. धाप लागते, जिना चढताना छाती धडधडते, पापणीची आतली बाजू फिकट दिसते, अशा वेळी रक्त तपासून डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या पूर्ण मुदत घ्याव्यात. बरे वाटू लागताच त्या बंद करण्याची आपल्याकडे मोठी खोड आहे.

गोळीत का मावत नाही?

गोळी मिळते तर भाजी कशाला, असेही कोणी म्हणेल. याचे उत्तर १९९४ साली फिनलंडमधून मिळाले. ज्यांच्या आहारात भाज्या-फळे अधिक त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे दिसत होते. हा गुण बीटा कॅरोटीनचा असावा असा कयास बांधून २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, काहींना नाही. पाच ते आठ वर्षांनी पाहिले तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. गाजर खाणे आणि गाजरातला एक पदार्थ बाटलीत भरून गिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजीत चोथा असतो, पोटॅशियम असते, शेकडो लहानमोठी द्रव्ये असतात, आणि ती एकमेकांच्या सोबतीने काम करतात.

रक्तदाबाच्या बाबतीत अन्नाचा असाच एक प्रयोग अमेरिकेत झाला. १९९७ साली त्याचे निष्कर्ष आले. ४५९ प्रौढांना आठ आठवडे ठरवून दिलेले जेवण देण्यात आले. मीठ सर्वांना सारखे, वजनही वाढू-घटू दिले नाही. ज्यांना नुसती फळे-भाज्या वाढवून दिल्या त्यांचा वरचा रक्तदाब नेहमीच्या अमेरिकी जेवणाच्या तुलनेत सुमारे तीन अंकांनी उतरला. फळे-भाज्यांबरोबर कमी स्निग्धांशाचे दूध-दही दिले आणि चरबी कमी केली, तेव्हा तो साडेपाचांनी उतरला. मुळातच रक्तदाब असलेल्यांत तर अकराहून अधिक अंकांनी. एखाद्या औषधाच्या तोडीचा हा परिणाम आहे. अर्थात म्हणून कोणी आपल्या मनाने औषध सोडू नये.

२०१७ साली अठरा देशांतल्या, भारतासह, एक लाख पस्तीस हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत आणखी एक दिलासा देणारी गोष्ट दिसली. दिवसाला तीन ते चार वाटे, म्हणजे ३७५ ते ५०० ग्रॅम फळे, भाज्या आणि कडधान्ये मिळून खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते. त्याहून अधिक खाऊन फारसा वेगळा लाभ आढळला नाही. अशा पाहणीतून कार्यकारणभाव ठामपणे सिद्ध होत नाही हे खरे. पण एवढे कळते, की टोपल्या रिचवण्याची गरज नाही. आपली उसळ आणि डाळही या हिशेबात धरली गेली आहे, ही त्यातली गोड बातमी.

हे सगळे सर्वांना सरसकट लागू नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोटॅशियम जपून घ्यावे लागते, त्यांनी केळी, शहाळे, टोमॅटो डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये वा एकदम बंदही करू नये, रोज साधारण सारखी ठेवावी. मधुमेह्यांनी फळ चावून खावे, त्याचा रस काढू नये. तीन मोसंब्यांचा रस एका घोटात संपतो, तीन मोसंबी खायला मात्र वेळ लागतो आणि चोथ्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते.

कढईवरचे झाकण

आणलेली भाजी शिजेपर्यंत तिच्यातले काय काय उरते हेही पाहिले पाहिजे. फोलिक आम्ल आणि ‘क’ जीवनसत्त्व दोन्ही पाण्यात विरघळतात, दोन्ही उष्णतेने नासतात. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. आपल्याकडे नेमके उलट होते: बारीक चिरून मग तीन पाण्यांत खळबळून काढतात, आणि हिरवट पाणी मोरीत जाते. रात्रीच चिरून ठेवण्याची सोय नोकरी करणाऱ्या स्त्रियांना लागते हे मान्य, पण पालेभाजीपुरते तरी ते टाळावे; रात्री निवडून, न चिरता कोरड्या फडक्यात ठेवावी. शिजवताना पाणी बेताचे, झाकण घट्ट, वेळ थोडा. उकळून पाणी फेकायचेच असेल तर ते फेकू नये, त्यात कणीक भिजवावी. सोडा घालून हिरवा रंग राखण्याचा हॉटेली प्रकार घरी नकोच. त्याने रंग राहतो आणि जीवनसत्त्व जाते.

फोडणीला मात्र नावे ठेवू नयेत. गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या यांतल्या कॅरोटीनचे शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व होते. ते शोषून घ्यायला थोडे तेल-तूप लागतेच. चमचाभर पुरे. कढई लोखंडाची असेल तर उत्तम, विशेषतः टोमॅटो, चिंच, ताक असे काही आंबट घालून भाजी करायची असेल तर थोडे लोह अन्नात उतरते. भाजी शिजली की लगेच काढून ठेवावी, नाहीतर काळी पडते आणि मुले तोंड फिरवतात.

पावसाळ्यात पालेभाजी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून वाहत्या पाण्याखाली पानन् पान धुवावे. कीटकनाशकाचा वरवरचा अंश धुण्याने कमी होतो, सगळा जात नाही. तरी त्या भीतीने भाजीच सोडण्यात शहाणपण नाही.

आपल्या पूर्वजांनी या बाबतीत एक युक्ती करून ठेवली होती. भोगीला वांगी, गाजर, घेवडा, पावटा, हरभरा, बोरे अशी मिसळीची भाजी. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमावाचून आलेले कंद आणि पाले. गौरींना सोळा भाज्या. चैत्राच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे. जीवनसत्त्वांची नावे कोणाला माहीत नव्हती, पण वर्षातून काही दिवस तरी घरातल्या प्रत्येक बाईच्या पानात दहा-बारा प्रकारच्या भाज्या पडत. झाशीच्या मराठी घरांत चैत्रातली हळदीकुंकवे होतात, आणि वाण म्हणून स्टीलची वाटी देण्याऐवजी किलोभर पेरू किंवा आवळे द्यावेत ही सूचना तिथे काय, पुण्या-मुंबईतही करायला हरकत नाही. संक्रांतीचा काळ आवळ्याचा आणि पेरूचाच असतो. प्लॅस्टिकचे डबे सगळ्यांच्याच फडताळात फार झाले आहेत.

घरात एक साधा नियम करता येतो. भाजी कढईतून वाढायची नाही. जितकी माणसे तितक्या वाट्या आधी भरायच्या, आणि त्यात स्वयंपाक करणारीची वाटी पहिली झाकून ठेवायची. फळ कापले की फोडींचे वाटे माणसे मोजून करायचे. सासूबाईंना पहिले काही दिवस हे विचित्र वाटेल. मुलगे मात्र लवकर शिकतात, त्यांना मोजून वाटणे आवडते.

होळीनंतर झाशीचा उन्हाळा चढू लागतो. २०२४ च्या मे महिन्यात तिथला पारा ४९ अंशांपर्यंत गेला होता. पालेभाजी दहा वाजेपर्यंतच माना टाकते, बथुआ-मेथी दिसेनाशी होते आणि ठेल्यावर दुधी, तोंडली, काकडी, खरबूज, कलिंगड येते. या दिवसांत पालेभाजीची तूट भरून काढायची तर तयारी माघ-फाल्गुनातच करावी लागते. मेथी, हरभऱ्याचा पाला आणि कढीपत्ता धुऊन, सावलीत, पातळ फडक्याखाली वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. त्यातले ‘क’ जीवनसत्त्व बरेच जाते, लोह आणि कॅल्शियम राहतात. आवळे किसून मिठात मुरवून ठेवले तर त्यांच्या आंबटपणामुळे ‘क’ जीवनसत्त्व बऱ्यापैकी टिकते. मे महिन्याच्या दुपारी दोन चमचे वाळली मेथी वरणात पडली आणि ताटाच्या डाव्या बाजूला चिमूटभर आवळा आला, तरी दुपारचे जेवण पुरे होते. कडक उन्हात वाळवण घालू नये. त्याने पाला पिवळा पडतो आणि कॅरोटीन उडून जाते. गच्चीवर जागा नसली तर पंख्याखाली, वर्तमानपत्राऐवजी स्वच्छ धोतराच्या फडक्यावर पसरला तरी चार दिवसांत कुरकुरीत होतो.